एमी जॉन्सन

एमी जॉन्सन (१ जुलै १९०३ – ५ जानेवारी १९४१) या ब्रिटिश वैमानिक आणि परवानाधारक विमान-तंत्रज्ञ होत्या. मे १९३० मध्ये त्यांनी एक इंजिन असलेल्या हलक्या विमानातून इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हा सुमारे १८,००० किलोमीटरचा प्रवास एकटीने पूर्ण केला. असा प्रवास करणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला होत. त्यापूर्वी १९२९ मध्ये त्यांनी ग्राउंड इंजिनियरचा, म्हणजे विमानाच्या इंजिनाची देखभाल करून ते उड्डाणास योग्य असल्याचे प्रमाणित करण्याचा परवाना मिळवला होता. हा परवाना मिळवणाऱ्या त्या ब्रिटनमधील पहिल्या महिला होत्या. दुसऱ्या महायुद्धात विमाने पोहोचवण्याच्या सेवेत असताना टेम्स नदीच्या मुखाशी त्यांचा मृत्यू झाला.

कुटुंब व शिक्षण

एमी जॉन्सन यांचा जन्म इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील हल या बंदराच्या शहरात झाला. त्यांच्या वडिलांच्या घराण्याचा मासळीचा मोठा व्यापार होता. चार बहिणींत त्या सर्वांत थोरल्या. हलमधील शालेय शिक्षणानंतर त्यांनी शेफील्ड विद्यापीठात प्रवेश घेतला व १९२५ मध्ये अर्थशास्त्र हा विषय घेऊन बी. ए. पदवी संपादन केली. त्या काळी इंग्लंडमध्येही पदवीधर स्त्रीपुढे शिक्षिका किंवा कार्यालयीन कारकून यापलीकडे फारसे मार्ग नव्हते. जॉन्सन यांनी लंडनमध्ये एका सॉलिसिटरच्या कार्यालयात सचिवाची नोकरी पत्करली. पुढे त्या प्रसिद्धीस आल्यावर वृत्तपत्रांनी त्यांचे वर्णन एक साधी टंकलेखिका असे केले. त्यामुळे त्यांच्या यशामागील तांत्रिक तयारी बराच काळ लोकांच्या नजरेआड राहिली.

विमानविद्येचे शिक्षण

सप्टेंबर १९२८ मध्ये जॉन्सन यांनी लंडनच्या उत्तरेकडील स्टॅग लेन विमानतळावर लंडन एरोप्लेन क्लबमध्ये उड्डाणाचे धडे घेण्यास प्रारंभ केला. उड्डाणाचे शिक्षण खर्चिक होते, परंतु या क्लबला सरकारी अनुदान असल्याने मध्यमवर्गीय नोकरदारालाही ते कसेबसे परवडू शकत असे. जॉन्सन या उपजत कौशल्य असलेल्या विद्यार्थिनी नव्हत्या. प्रथमच एकट्याने विमान उडवण्याची परवानगी मिळेपर्यंत त्यांना सुमारे १६ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागले. त्या काळच्या मानाने हा अवधी बराच मोठा होता. विशेषतः विमान जमिनीवर उतरवताना त्यांचा अंदाज चुकत असे आणि हा कच्चेपणा पुढेही पूर्णपणे गेला नाही. जुलै १९२९ मध्ये त्यांना वैमानिकाचा ‘ए’ परवाना मिळाला.

स्टॅग लेन येथे क्लबच्या हँगरमध्ये विमानांच्या दुरुस्तीचे काम चाले. तेथील मुख्य तंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली जॉन्सन यांनी शिकाऊ कामगाराप्रमाणे काम केले. इंजिन सुटे करणे, झडपा घासून बसवणे, मॅग्नेटोची जुळणी करणे, फाटलेल्या पंखावर नवे कापड चढवणे अशी कामे त्या स्वतःच्या हाताने करीत. प्रारंभी हँगरमधील पुरुष कामगारांना ही गोष्ट विचित्र वाटली, परंतु जॉन्सन पहाटे नोकरीपूर्वी आणि सायंकाळी नोकरीनंतर नियमाने येत राहिल्या. अखेरीस त्यांनी नोकरी सोडून पूर्ण वेळ याच कामाला वाहून घेतले. १९२९ च्या अखेरीस त्यांना ग्राउंड इंजिनियरचा ‘सी’ परवाना मिळाला.

‘जेसन’ विमान व जिप्सी इंजिन

ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवासासाठी जॉन्सन यांनी द हॅव्हिलंड कंपनीचे जिप्सी मॉथ जातीचे एक वापरलेले विमान ६०० पौंडांना विकत घेतले. यातील निम्मी रक्कम त्यांच्या वडिलांनी व निम्मी लॉर्ड वेकफील्ड यांनी दिली. वेकफील्ड हे कॅस्ट्रॉल वंगणतेलाचे निर्माते असून विमानविद्येचे आश्रयदाते म्हणून ओळखले जात. जॉन्सन यांनी विमानाला हिरवा रंग दिला आणि वडिलांच्या व्यापारचिन्हावरून त्याचे नाव ‘जेसन’ असे ठेवले.

जिप्सी मॉथ हे लाकडी सांगाड्यावर कापड व प्लायवूड चढवलेले, दुहेरी पंखांचे, दोन आसनी विमान होते. त्याचा कॉकपिट उघडा असे व सर्वसाधारण वेग ताशी सुमारे १३५ किलोमीटर होता. जेसनमध्ये रेडिओ नव्हता. लांबच्या टप्प्यांसाठी पेट्रोलच्या जादा टाक्या बसवलेल्या होत्या. त्यांतील इंधन हातपंपाने वरच्या पंखातील टाकीत चढवावे लागे आणि तेथून ते स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे उतरत असे.

या विमानाला बळ देणारे जिप्सी इंजिन फ्रँक हॅलफर्ड यांनी आखलेले होते. चार सिलिंडर एका ओळीत असलेले, हवेने थंड होणारे हे इंजिन सुमारे १०० अश्वशक्तीचे होते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांना लागणारा रेडिएटर, नळ्या व पंप त्यात नसल्याने बिघाडाच्या जागाच कमी झाल्या होत्या. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असत व त्यांना दोन स्वतंत्र मॅग्नेटोंकडून ठिणगी मिळे. एक मॅग्नेटो बंद पडला तरी दुसऱ्याच्या आधारे इंजिन चालू राही. ही पद्धत हलक्या विमानांच्या बहुतेक पिस्टन इंजिनांत आजही वापरली जाते. म्हणूनच उड्डाणापूर्वी प्रत्येक मॅग्नेटो स्वतंत्रपणे तपासून पाहण्याचा नियम वैमानिकांना प्रथमपासून शिकवला जातो.

नव्या इंजिनाची विश्वासार्हता सिद्ध करण्यासाठी कंपनीने १९२८-२९ मध्ये एक जाहीर चाचणी घेतली होती. सरकारी निरीक्षकांनी मोहोरबंद केलेले एक जिप्सी इंजिन केवळ नेहमीच्या देखभालीवर ६०० तास चालवण्यात आले. नंतर ते उघडून तपासले असता त्यात बदलाव्या लागलेल्या भागांची किंमत सुमारे ७ पौंड भरली. अवघ्या दशकापूर्वी विमानाचे इंजिन काही थोड्या तासांनंतर पूर्णपणे उघडून साफ करावे लागे, हे लक्षात घेता ही मोठी प्रगती होती. जॉन्सन यांची योजना धाडसी होती, तरी तिच्या मुळाशी हा तांत्रिक आधार होता.

इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया

५ मे १९३० रोजी जॉन्सन यांनी लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरून उड्डाण केले. त्या दिवसापर्यंतचे त्यांचे सर्वांत लांबचे उड्डाण लंडन ते हल एवढेच होते. बर्ट हिंकलर यांनी १९२८ मध्ये हा प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता आणि तो विक्रम मोडण्याचा जॉन्सन यांचा उद्देश होता. अंतर वाचवण्यासाठी त्यांनी नकाशावर शक्य तितकी सरळ रेषा आखली. व्हिएन्ना, इस्तंबूल, अलेप्पो आणि बगदाद असे चार मुक्काम त्यांनी चार दिवसांत गाठले. तुर्कस्तानातील टॉरस पर्वतरांगेत ढगांमुळे त्यांचे विमान कड्यांच्या अगदी जवळ गेले होते. बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने त्यांना वाळवंटात उतरणे भाग पाडले. विमान वाऱ्याने उलटू नये म्हणून त्या वादळ सरेपर्यंत त्याला धरून बसल्या. इंजिनात वाळू जाऊ नये यासाठी त्यांनी ते झाकून ठेवले होते. पुढे इराणच्या आखातावरील बंदर अब्बास येथे उतरताना विमानाच्या चाकांच्या आधाराला इजा झाली व ती तेथेच दुरुस्त करून घ्यावी लागली.

१० मे रोजी त्या कराचीला पोहोचल्या. इंग्लंड ते भारत हे अंतर त्यांनी सहा दिवसांत कापले होते. हिंकलर यांच्यापेक्षा त्या दोन दिवसांनी पुढे होत्या. तोवर दुर्लक्ष करणाऱ्या वृत्तपत्रांनी आता त्यांच्या प्रवासाच्या बातम्या पहिल्या पानावर छापण्यास सुरुवात केली.

भारत व ब्रह्मदेश

कराचीहून पुढच्या दिवशी अलाहाबाद गाठण्याचा जॉन्सन यांचा बेत होता. परंतु समोरच्या वाऱ्यामुळे इंधन अपेक्षेपेक्षा लवकर संपत आले आणि त्यांना झाशी येथे लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. मैदान विमानासाठी अपुरे होते व थांबण्यापूर्वी जेसनचा पंख आदळून मोडला. स्थानिक सुताराने पंखाचे लाकूडकाम दुरुस्त करून दिले. १२ मे रोजी अलाहाबादमार्गे त्या कलकत्त्यास पोहोचल्या.

याच महिन्यात भारतीय वैमानिकही जिप्सी मॉथमधून इंग्लंड व भारत यांच्या दरम्यान उड्डाणे करीत होते. आगाखान यांनी जाहीर केलेल्या पारितोषिकासाठी अ‍ॅस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे निघाले होते, तर जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले होते. इजिप्तमध्ये स्पार्क प्लगच्या बिघाडामुळे इंजिनियर अडकून पडले असता टाटा यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. अखेरीस ही स्पर्धा इंजिनियर यांनी जिंकली. पुढे ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. जिप्सीसारख्या भरवशाच्या इंजिनाचा प्रवासही एखाद्या लहानशा सुट्या भागावाचून कसा अडून राहू शकतो, हे या घटनेवरून दिसते.

१३ मे रोजी पावसाळी हवेत रंगूनजवळ जॉन्सन यांना धावपट्टी सापडली नाही. त्यांनी इनसेन येथील सरकारी तंत्रशिक्षण संस्थेच्या खेळाच्या मैदानावर विमान उतरवले. तेथे ते खड्ड्यात जाऊन प्रोपेलर, पंख व चाकांचा सांगाडा मोडला. योगायोगाने जागा तंत्रशिक्षण संस्थेचीच होती. तेथील शिक्षक व विद्यार्थ्यांनी दुरुस्ती अंगावर घेतली. पहिल्या महायुद्धानंतर विकल्या गेलेल्या विमानाच्या कापडाचे सदरे तेथे शिवलेले होते. ते उसवून त्यांच्या कापडाने पंख मढवण्यात आला. जॉन्सन यांनी सोबत आणलेला जादा प्रोपेलर येथे उपयोगी पडला. तथापि या दुरुस्तीत सुमारे तीन दिवस गेले आणि विक्रमाची आशा संपली.

पुढे बँकॉक, सिंगोरा, सिंगापूर व जावा असा प्रवास झाला. जावामध्ये एका साखरमळ्यावर उतरताना बांबूच्या खुंटांनी पंखांना भोके पडली, ती जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजवण्यात आली. तिमोर बेटावर अंधार पडत असताना त्या वारुळांनी भरलेल्या माळावर उतरल्या व एक रात्र त्यांचा जगाशी संपर्क तुटला. शेवटचा टप्पा तिमोर समुद्रावरचा, सुमारे साडेसातशे किलोमीटरचा होता. या टप्प्यात एकुलते इंजिन बंद पडले असते तर उतरण्यास कोठेही जमीन नव्हती. इंजिन बंद पडले नाही. २४ मे १९३० रोजी त्या ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन येथे उतरल्या. पाच दिवसांनी ब्रिस्बेन येथे मोठ्या जमावासमोर उतरताना मात्र विमान मैदानाबाहेर जाऊन उलटले. जॉन्सन यांना दुखापत झाली नाही.

देखभालीची शिस्त

या प्रवासातील अपघातांकडे एकत्रितपणे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. झाशी, इनसेन, जावा आणि ब्रिस्बेन येथील नुकसान हे इंधनाचा अंदाज, हवामान, अपरिचित मैदाने व वैमानिकाचा थकवा यांमुळे झालेले होते. एकोणीस दिवसांत सुमारे १८,००० किलोमीटर चाललेल्या इंजिनाने त्यांना आकाशात दगा दिला नाही.

याचे श्रेय जसे इंजिनाच्या रचनेला जाते तसेच जॉन्सन यांच्या नियमितपणालाही जाते. मुक्कामाच्या ठिकाणी उतरल्यावर विश्रांतीपूर्वी त्या इंजिनाकडे वळत. या इंजिनाच्या देखभालीत तेल बदलणे, गाळण्या साफ करणे, स्पार्क प्लग काढून काजळी घासणे, झडपांमधील फट मोजून नीट करणे, झडपा हलवणाऱ्या रॉकरना ग्रीस भरणे आणि मॅग्नेटोचे स्पर्शबिंदू तपासणे ही कामे येत. डब्यांतून मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये पाणी व गंज असण्याचा संभव असल्याने ते गाळून भरणेही आवश्यक होते. ही कामे आटोपून पहाटे पुन्हा निघावयाचे असल्याने अनेक रात्री त्यांना तीन-चार तासच झोप मिळे. इंजिनाची काळजी घेताना वैमानिकाच्या विश्रांतीची काळजी राहून गेली, आणि उतरतानाच्या चुकांचा या थकव्याशी जवळचा संबंध होता. वैमानिकाचा थकवा हे अपघाताचे स्वतंत्र कारण मानून उड्डाणाच्या तासांवर मर्यादा घालण्याची पद्धत त्यानंतरच्या काळात रूढ झाली.

सन्मान व पुढील उड्डाणे

या कामगिरीबद्दल जॉन्सन यांना १९३० मध्ये ‘कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ हा किताब देण्यात आला. ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने त्यांना १०,००० पौंड दिले. त्याच्या मोबदल्यात देशभर जाहीर सत्कारांचा दौरा ठरला होता, परंतु प्रकृती ढासळल्याने तो त्यांना अर्ध्यावर सोडावा लागला.

जुलै १९३१ मध्ये त्यांनी जॅक हम्फ्रीज यांना सोबत घेऊन पुस मॉथ जातीच्या विमानातून लंडन ते मॉस्को हे अंतर एका दिवसात कापले. तसे करणारे ते पहिलेच वैमानिक होते. तेथून सैबेरियामार्गे टोकियो गाठून त्यांनी ब्रिटन ते जपान प्रवासाचाही विक्रम केला. १९३२ मध्ये जॉन्सन यांचा विवाह प्रसिद्ध वैमानिक जिम मॉलिसन यांच्याशी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी लंडन ते केपटाउन हे अंतर एकटीने कापून पतीचाच विक्रम सुमारे साडेदहा तासांनी मोडला. जुलै १९३३ मध्ये हे दांपत्य वेल्समधील पेंडाइन येथून न्यूयॉर्ककडे निघाले. अटलांटिक महासागर ओलांडल्यावर इंधन संपत आले असता रात्री कनेक्टिकट राज्यात उतरताना त्यांचे विमान कोसळले व दोघेही जखमी झाले.

मॅकरॉबर्टसन शर्यत, १९३४

ऑक्टोबर १९३४ मधील इंग्लंड ते मेलबर्न या मॅकरॉबर्टसन शर्यतीत मॉलिसन दांपत्याने द हॅव्हिलंड कॉमेट जातीच्या ‘ब्लॅक मॅजिक’ या दोन इंजिनांच्या विमानातून भाग घेतला. बगदादपर्यंत न थांबता उड्डाण करून ते कराचीला पोहोचले व इंग्लंड ते भारत हा नवा विक्रम त्यांनी नोंदवला. पुढे मात्र वाट चुकून त्यांना जबलपूर येथे उतरावे लागले. कॉमेटच्या शर्यतीसाठी बनवलेल्या इंजिनांत मिश्रणाचा दाब जास्त असल्याने त्यांना उच्च ऑक्टेनचे पेट्रोल लागे. जबलपुरात ते उपलब्ध नव्हते. स्थानिक बस कंपनीकडचे साधे पेट्रोल भरून त्यांनी उड्डाण केले.

कमी ऑक्टेनचे पेट्रोल जास्त दाबाच्या सिलिंडरमध्ये ठिणगीनंतर संथपणे जळण्याऐवजी ठोका देऊन एकदम पेट घेते. त्या धक्क्याने व उष्णतेने पिस्टन वितळण्याची किंवा अडकण्याची भीती असते. ब्लॅक मॅजिकच्या बाबतीत नेमके असेच घडले. एक पिस्टन अडकला, तेलाची नळी फुटली आणि ते एका इंजिनावर कसेबसे अलाहाबादला उतरले. शर्यतीतील त्यांचा सहभाग तेथेच संपला. चार वर्षांपूर्वी साध्या मॉथमधून जे साधले ते अधिक वेगवान यंत्रात साधले नाही. वेगाबरोबर इंजिनाची सहनशीलता कमी झाली होती व इंधनाची निवड हाच सुरक्षिततेचा प्रश्न बनला होता.

उत्तरायुष्य

मे १९३६ मध्ये पर्सिव्हल गल विमानातून सुमारे सव्वातीन दिवसांत केपटाउन गाठून जॉन्सन यांनी त्या मार्गावरील विक्रम पुन्हा आपल्या नावावर केला. हे त्यांचे अखेरचे विक्रमी उड्डाण ठरले. १९३५ ते १९३७ या काळात त्या विमेन्स इंजिनियरिंग सोसायटी या महिला अभियंत्यांच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. १९३८ मध्ये घटस्फोट झाल्यावर त्यांनी पुन्हा माहेरचे नाव धारण केले. विक्रमांचे युग ओसरल्याने कायमस्वरूपी काम मिळवणे त्यांना कठीण गेले. ‘स्कायरोड्स ऑफ द वर्ल्ड’ हे त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्या पोर्ट्समथ ते आइल ऑफ वाइट या लहान हवाई मार्गावर प्रवासी विमान चालवीत होत्या.

युद्धसेवा व मृत्यू

१९४० मध्ये जॉन्सन एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी या सेवेत दाखल झाल्या. कारखान्यांतून व दुरुस्तीकेंद्रांतून विमाने हवाई तळांवर पोहोचवणे हे या सेवेचे काम होते. तिचे वैमानिक रेडिओशिवाय उडत व त्यांना केवळ उपकरणांच्या आधारे ढगांतून उडण्याचे प्रशिक्षण नसे. त्यामुळे जमीन दृष्टीआड होऊ न देता उडावे, असा दंडक होता.

५ जानेवारी १९४१ रोजी एअरस्पीड ऑक्सफर्ड जातीचे दोन इंजिनांचे विमान घेऊन त्या ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळील किडलिंग्टन तळाकडे निघाल्या. हवा अत्यंत खराब होती. सुमारे तासाभराच्या या प्रवासासाठी त्या दुपारी बाराच्या सुमारास निघाल्या आणि साडेतीन वाजता, ठरल्या मार्गापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर, टेम्सच्या मुखाशी हर्न बे गावाजवळ पॅराशूटने खाली येताना दिसल्या. ढगांच्या वर अडकून वाट चुकल्याने इंधन संपले असावे, असे सामान्यतः मानले जाते. त्यांना वाचवण्यासाठी एच. एम. एस. हॅझलमीअर या नौकेचे कप्तान लेफ्टनंट कमांडर वॉल्टर फ्लेचर यांनी बर्फासारख्या पाण्यात उडी घेतली, परंतु अतिथंडीने त्यांचाही मृत्यू झाला. फ्लेचर यांना मरणोत्तर अल्बर्ट पदक देण्यात आले. जॉन्सन यांचे काही सामान सापडले, मृतदेह मात्र मिळाला नाही. त्यांचे विमान ब्रिटिश तोफांच्याच माऱ्याने पडल्याचे दावे पुढे करण्यात आले, परंतु ते निर्विवादपणे सिद्ध झालेले नाहीत.

वारसा

जेसन विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जतन केलेले आहे. जॉन्सन यांची पदके व स्मृतिचिन्हे यॉर्कशरमधील सूअर्बी हॉल येथे पाहावयास मिळतात. मृतदेह न सापडलेल्या हवाई सैनिकांच्या रनिमीड येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. त्यांच्या जीवनावरील ‘दे फ्लू अलोन’ हा चित्रपट १९४२ मध्ये प्रदर्शित झाला. २०१६ मध्ये हल व हर्न बे येथे त्यांचे पुतळे उभारण्यात आले.

विमानविद्येच्या इतिहासात जॉन्सन यांचे स्थान मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या उड्डाणामुळे निश्चित झाले आहे. त्यांच्या कारकिर्दीतून हलक्या विमानांच्या सुरक्षिततेसंबंधी काही गोष्टी ठळकपणे पुढे येतात. नियमित देखभालीने इंजिनाचा धोका पुष्कळ कमी करता येतो, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी दाखवून दिले. अपुरे इंधन, चुकीचे पेट्रोल, थकवा व प्रतिकूल हवामान हे धोके मात्र यंत्रशाळेत दूर होत नाहीत. ते उड्डाणापूर्वी व उड्डाणात घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असतात. जॉन्सन यांना झाशी, कनेक्टिकट, जबलपूर आणि अखेरीस टेम्सचे मुख या ठिकाणी याच दुसऱ्या प्रकारच्या धोक्यांना तोंड द्यावे लागले.